रेषेअलीकडे ठेवलेला डोयल

ऑरिन टिडवेलने जन्मात कधी पांढरी रेषा ओलांडली नव्हती, आणि पुढे जे काही झालं ते त्यामुळेच झालं.

सरकारी नोकरीत तो गाडी चालवण्याची परीक्षा घ्यायचा. थांबायच्या रेषेला पुढचं चाक नुसतं शिवलं तरी नापास. या कलमाखाली त्याने गावच्या पास्टरला नापास केलं, हॉयट न्हाव्याला केलं, आणि लग्नाच्या बायकोला, लॅव्हॉनला, दोनदा केलं. दुसऱ्या खेपेला तिने जेवायला बिनमिठाची भेंडी वाढली. ऑरिनने ती निमूट खाल्ली. नियम म्हणजे नियम, त्याचं मीठ कमी-जास्त व्हायचंच. निवृत्त झाल्यावरही अंगणातून गाडी काढताना तो डावीकडे, उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे बघायचा. त्या गल्लीत दिवसभरात येऊन येऊन येणार कोण, तर पोस्टमन आणि मिस इमोजीन यांचं कुत्रं.

थोरला भाऊ डोयल म्हणजे अगदी दुसरं टोक. त्याचा बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा ट्रक होता. ऑरिनने नापास केलेले लोक तशीच गाडी चालवायचे, खड्ड्यात जायचे, आणि डोयल त्यांना साखळी लावून वर काढायचा. एकाच आईच्या पोटची ही दोन पोरं पेटीग्रू गावाची वाहतूक अशी दोन्हीकडून सांभाळून होती.

दोघांचं जमायचं ते फक्त शनिवारी, आणि तेही भांडण्यापुरतं. शनिवारी पेटीग्रू कॉलेजच्या घुबडांचा सामना, चेंडू काखेत मारून घुसायच्या अमेरिकी फुटबॉलचा. घुबड हे आमच्या टीमचं नाव. ज्याने ठेवलं त्याला विचारायची आता सोय नाही. सामना संपला की हॉयटच्या दुकानामागे, अक्रोडासारखी फळं देणाऱ्या पेकनच्या झाडाखाली, घडीच्या खुर्च्या पडायच्या. तळलेली कोंबडी, उकडलेल्या शेंगा, घागरभर गार गोड चहा, आणि मग संध्याकाळपर्यंत एकच विषय: कोच चुकला कुठे. जिंकलो तरी कोच चुकलेलाच असायचा. नुसता जरा कमी.

आणि सगळा वाद शेवटी येऊन थांबायचा चौथ्या खेपेवर. दहा यार्ड पुढे सरकायला चार खेपा मिळतात, आणि असं सरकत चेंडू गोलरेषेपलीकडे नेला की सहा गुण. तीन खेपांत काम झालं नाही, की चौथीला शहाण्यासारखी लाथ मारून चेंडू मार्गी लावायचा, की उरलेल्या यार्डांसाठी जिवावर उदार होऊन घुसायचं? घुसलात आणि अडलात, तर चेंडू गेला शत्रूच्या हाती. या प्रश्नावरून आमच्या गावात ठरलेली लग्नं मोडली आहेत.

"घुसा की लेको!" डोयल ओरडायचा, टोपी उलटी फिरवून तिच्यावर दोन थापा मारायचा.

"दोन यार्डांसाठी? वेडा आहेस का?" ऑरिन म्हणायचा.

"ब्रेक्या, तू गप." हे नाव डोयलने त्याला लहानपणी दिलं होतं, सायकल शिकताना ऑरिन दोन्ही ब्रेक दाबून पायडल मारायचा म्हणून. जगात दुसरं कोणी त्याला त्या नावाने हाक मारत नव्हतं.

डोयलच्या घुसण्यामागे एक जुनं दुखणं होतं. तरुणपणी तो स्वतः एक वर्ष घुबडांत होता. वर्षभर बाकावर बसला. एकदाच, एकदाच तेव्हाच्या कोचने त्याला उभं केलं, पाठीवर हात ठेवला, उत्तरेच्या गोलरेषेकडे बोट दाखवलं, आणि मग विचार बदलून लाथ मारायला दुसऱ्याला पाठवलं. डोयल परत बाकावर. त्याच्या आयुष्यातला फुटबॉल तेवढाच.

मग एका वसंतात दवाखान्यात, नाकात नळ्या असताना, त्याने ऑरिनचा हात धरला. "माझी राख उत्तरेच्या गोलरेषेवर टाक. पलीकडे. मेल्यावर तरी मला ती ओलांडू दे."

"टाकतो," ऑरिन म्हणाला.

"तू? ब्रेक्या, तुला तरी जमेल का रे?"

"टाकतो म्हटलं ना."

ऑगस्टमध्ये चाहत्यांसाठी मैदान उघडं ठेवतात. पोरंबाळं गवतावर लोळतात, खेळाडूंच्या सह्या घेतात. ऑरिन डोयलला उकडलेल्या शेंगांच्या कागदी पिशवीत घालून गेला. मैदानाच्या कडेला पाटी होती: कृपया पांढऱ्या रेषेच्या आत येऊ नये. सगळं गाव आत होतं. पास्टर आत होता. मिस इमोजीन यांचं कुत्रं आत होतं. ऑरिन रेषेपाशी आला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं, आणि त्याचे पाय काही उचलेनात.

इतक्यात मागून हॉयट आला. "शेंगा का रे?" म्हणत त्याने सरळ पिशवीत हात घातला, बोटं चाटली आणि तोंड वाकडं केलं. "मीठ फार झालंय."

घाबरून त्याने पिशवी तिथेच, होता त्या जागी, गवतावर उपडी केली, राख बुटाने पसरली, टोपी काढून एक प्रार्थना पुटपुटली आणि घर गाठलं. लॅव्हॉनने विचारलं, "झालं?" तो म्हणाला, "झालं." आपण कुठे उभे होतो हे त्याने तेव्हा पाहिलंच नाही. ती जागा होती रेषेच्या बाहेर, पाण्याच्या पिंपाशेजारी, खेळाडूंच्या बाकासमोर. सामन्यात कोच उभा राहतो ती.

आमचे कोच मर्विन ऑस्टलुंड थेट उत्तरेकडच्या थंड मिनेसोटाचे. आभाळ आलं तर गाडी धुवायचे नाहीत, आणि आभाळ नसलं तर येईल म्हणून धुवायचे नाहीत. चौथी खेप आली की लाथ. गावाने त्यांना भित्रा म्हणायचं आणि ऑरिनने त्यांची बाजू घ्यायची असं वर्षानुवर्षं चाललं होतं. ते राहायचेही ऑरिनच्या घरासमोर, बायको आणि दोन जुळ्या मुलींसह. त्या घराचं छप्पर त्यांनी नुकतंच नवं केलं होतं.

सप्टेंबरचा पहिला सामना. चौथी खेप आली की पेटीग्रूचं सगळं मैदान घुमतं. ओरडत नाही कोणी. ओठांचा चंबू करून घशातून 'हूऽऽ' काढायचं, हजारो लोकांनी एकदम, आणि मग एकदम गप्प व्हायचं. जन्मभर ऐकूनही ती शांतता अंगावर येते. त्या शांततेत कोच ऑस्टलुंड पाण्याच्या पिंपाशेजारी उभे होते. घुबडं आघाडीवर होती. लाथ मारायची आणि घरी जायचं, एवढंच काम उरलं होतं.

कोचने टोपी उलटी फिरवली. तिच्यावर दोन थापा मारल्या.

"घुसा की लेको!"

घुबडं घुसली. अडली. सामना गेला.

ऑरिनच्या मांडीवरचा पॉपकॉर्नचा डबा खाली गडगडला. लॅव्हॉन म्हणाली, "काय झालं? पांढराफटक का पडलास?" खाली मैदानात कोच मान वर करून एवढ्या गर्दीतून नेमके त्याच्याकडेच बघत होते, आणि हसत होते. मिनेसोटाचा माणूस असा दात काढून हसत नाही.

त्या संध्याकाळी पेकनखाली खुर्च्या कमी पडल्या.

"वेड लागलंय त्याला," हॉयट म्हणाला. "कधी नव्हे ते घुसला, तोही आघाडीवर असताना!"

"तूच म्हणायचास ना, घुसत नाही म्हणून?" मिस इमोजीन म्हणाल्या. त्यांनी गावातल्या तीन पिढ्यांना गणित शिकवलं होतं आणि एकाही पिढीवर त्या खूश नव्हत्या.

"घुसावं, पण डोकं वापरून घुसावं. आणि ती टोपी? तसं कोण करायचं रे? अगदी ओठांवर आहे नाव."

ऑरिन कोंबडीच्या तंगडीकडे बघत बसला. सगळ्यांना वाटलं, हरल्याचं दुःख.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. आमच्याकडे कोचवर राग काढायची एक रीत आहे: रात्रीतून त्याच्या अंगणात 'घर विकणे आहे' अशा पाट्या रोवायच्या. पहिल्या हारीनंतर ऑस्टलुंडांच्या अंगणात एक पाटी आली. महिनाभरात त्यांचं अंगण पाट्यांची बाग झालं. जुळ्या मुलींना वाटलं कोणी तरी चित्रं काढायला फळ्या ठेवून जातंय. त्या रोज सकाळी येऊन पाट्यांच्या पाठीवर खडूने घुबडं काढायच्या. ऑरिन खिडकीतून ते बघायचा आणि त्याचा नाश्ता गार व्हायचा. कॉलेजने जाहीरच करून टाकलं, कॅल्डर कॉलेजविरुद्धचा शेवटचा सामना हरलात तर कोच, तुमचा रस्ता मोकळा.

शेवटी त्याने लॅव्हॉनला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "बाकासमोर टाकलंस? ज्या बाकावर त्याने वर्ष काढलं, त्याच्याचसमोर?"

"मला काय माहीत होतं!"

"तुला डावी-उजवी बघता येते आणि पायाखालचं दिसत नाही," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. त्या रात्रीची भेंडीही बिनमिठाची होती.

ऑरिन सरळमार्गी माणूस, म्हणून त्याने आधी सरळ मार्ग धरला. कॉलेजच्या मैदान-विभागाला फोन केला. तिकडची बाई गोड बोलत होती, हेच वाईट लक्षण.

"म्हणजे तुम्हाला गवत हलवायचंय?"

"गवत नाही. गवतावर कोणी तरी आहे."

"उभं आहे?"

"नाही हो. वारलेलं आहे."

बाई म्हणाली, "गवत हलवायचं असेल तर ते आमच्याकडे. कोचने कुठे उभं राहायचं ते लीगकडे. आणि वारलेली व्यक्ती हलवायची असेल तर जिल्ह्याचं आरोग्य खातं. पण साहेब, तिथे राख टाकायला मुळात मनाई आहे. त्यामुळे आमच्या दृष्टीने तिथे कोणीच नाही."

"आहे हो! दर शनिवारी असतो!"

"मग त्यांच्याकडे तिकीट असेलच," बाई म्हणाली आणि शुभ दिवस चिंतून तिने फोन ठेवला.

आरोग्य खात्याने विचारलं, व्यक्ती आजारी आहे का. पास्टरने विचारलं, डोयल चर्चला किती वेळा यायचा. ऑरिनने खरं ते सांगितल्यावर पास्टर म्हणाला, "मग तो माझं ऐकेल असं मला नाही वाटत, ब्रदर ऑरिन." ऑरिनला हा अपमान वाटला. गाडीच्या परीक्षेचा राग या माणसाने इतकी वर्षं धरून ठेवला होता तर!

शेवटी हॉयटलाही सांगावं लागलं, कारण तो दाढी करत होता आणि वस्तरा गळ्यावर होता. हॉयट एवढंच म्हणाला, "तहानलेला असेल. त्याची ती व्हिस्की पाज." मग त्याचा वस्तरा मधेच थांबला. "ऑरिन. त्या दिवशी त्या पिशवीत…"

"हो."

हॉयट खाली बसला. त्याने ऑगस्टमध्येच, त्या 'शेंगा' चाखल्या त्याच आठवड्यात, एकाएकी मोटरबोट घेतली होती. पेटीग्रूपासून पोहण्याजोगं पाणी दीड तासावर आहे, आणि हॉयटला पोहता येत नाही. ती बोट दुकानामागे ताडपत्रीखाली उभी होती आणि तिच्याबद्दल त्याच्या बायकोला अजून समाधानकारक उत्तर मिळालं नव्हतं.

व्हिस्कीचा उपाय मात्र ऑरिनने केला. ज्येष्ठ नागरिकांची मैदान बघायची सहल निघाली होती, तीत तो खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत डोयलची व्हिस्की भरून गेला. पिंपाशेजारची जागा शोधावी लागली नाही. बाकी मैदान नोव्हेंबरात पिवळं पडलं होतं. तिथे मात्र बुटाएवढ्या दोन ठशांत गवत गर्द हिरवं होतं. दोन पाय शेजारी शेजारी, बोटं मैदानाकडे. त्याने बाटली उपडी केली. जमिनीने ती व्हिस्की गटकन ओढून घेतली, आवाज करून.

पुढच्या शनिवारी कोच आपल्याच गोलरेषेसमोर, जिथे एखादं लहान मूलही लाथ मारायला सांगेल, तिथे घुसले. पेकनखाली त्या दिवशी खुर्च्या फेकल्या गेल्या. ऑस्टलुंडांच्या घरापुढे नवी पाटी आली, आणि या वेळी ती खरी होती. खाली घरं विकणाऱ्याचा नंबर होता.

दुसऱ्या दिवशी चर्चनंतर कोच स्वतः रस्ता ओलांडून आले. दारात उभे राहिले, टोपी हातात, चेहरा ओढलेला.

"मिस्टर टिडवेल, तुम्ही गावात एकटेच माझी बाजू घेता म्हणून विचारतो. मला काय होतं तुम्हाला दिसतं का?"

"म्हणजे?"

"चौथी खेप आली की बूट गरम होतात. डिझेलचा वास येतो. मग ते 'हूऽऽ' ऐकू येतं, आणि पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर येतो तेव्हा टोपी उलटी असते आणि लोक माझ्या आईचा उद्धार करत असतात." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "बायको सामान बांधतेय. मुलींना अजून सांगितलं नाही."

"बाकावर या ना. चहा घेता?" ऑरिनला दुसरं काही सुचेना. त्याने ओसरीवरच्या लाकडी बाकाकडे हात केला.

कोचचा चेहरा बदलला. अगदी सावकाश. डावा कोपरा आधी वर गेला, मग उजवा.

"परत बाकावरच ना, ब्रेक्या?" ते म्हणाले. "मला नेऊन परत बाकावरच बसवलंस."

ऑरिनने दाराची चौकट धरली. कोचने डोळे मिचकावले, आजूबाजूला पाहिलं, म्हणाले, "काही बोललो का मी?" आणि माफी मागून खाली मान घालून परत गेले. बुटांना मैदानाची माती लागलेली होती.

ऑरिन तडक मिस इमोजीन यांच्याकडे गेला. त्यांनी सगळं ऐकलं आणि वर्गात फळ्यापुढे अडलेल्या पोराकडे बघावं तसं त्याच्याकडे पाहिलं.

"यात अवघड काय आहे, ऑरिन? गवत हलवतोस, कोच हलवतोस, व्हिस्की पाजतोस. त्याने काय मागितलं होतं?"

"गोलरेषा."

"मग?"

"आत जायला मनाई आहे, मिस इमोजीन."

"तू मला वर्तुळ काढतानाही पट्टी मागायचास," त्या म्हणाल्या. "जा आता."

कॅल्डरच्या सामन्याला ऑरिन मोज्यात बटाट्याचं सॅलड वाढायचा डाव खोचून गेला. सामना संपला, गर्दी पांगली, की राखणदाराची रीतसर परवानगी मागून काम उरकायचं असा त्याचा बेत होता. रीतसर. या माणसाला कोणी बदलू शकणार नव्हतं.

पण सामना संपेपर्यंत थांबायची सोयच राहिली नाही. घड्याळात शेवटची मिनिटं, घुबडं दोन गुणांनी मागे, चेंडू उत्तरेच्या गोलरेषेजवळ. चौथी खेप, दोन यार्ड. खांबांमधून लाथ मारली की तीन गुण, सामना खिशात, कोचचं घर शाबूत. शेंबडं पोर सांगेल. कोचने वेळ मागून घेतला आणि पिंपाशेजारी येऊन उभे राहिले.

मैदान घुमलं. हूऽऽ. मग गप्प.

कोचचा हात टोपीकडे गेला.

"लॅव्हॉन," ऑरिन म्हणाला, "त्याचं घर जातंय."

"मग बसलास काय?" लॅव्हॉन म्हणाली.

ऑरिन उठला. पायऱ्या उतरला, कठड्यावरून पलीकडे गेला, पँट फाटली. कोणी अडवलं नाही. सगळं गाव श्वास रोखून टोपीकडे बघत होतं. तो कोचच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. कोचची टोपी उलटी होती. डिझेलचा वास इतका होता की ऑरिनच्या डोळ्यांत पाणी आलं. निदान त्याने तरी नंतर तसंच सांगितलं.

"आलास, ब्रेक्या? बघ आता. घुसतो."

"डोयल, चल. तुला न्यायला आलोय."

"आत्ता? दोन यार्ड राहिलेत!"

"या माणसाला पोरी आहेत. घर जाईल त्याचं."

"आणि माझं काय? मी इथे बसून बघतोय, पुन्हा, ज्याच्या-त्याच्या पाठीमागून."

"माझी चूक झाली. भ्यालो मी."

"अजून भितोस."

"हो," ऑरिन म्हणाला. "चल लवकर. पाय उचल."

कोचने उजवा पाय उचलला, मग डावा, आणि मागे सरले. ऑरिन गुडघ्यांवर बसला, डाव काढला, आणि ती हिरवी माती भराभर आपल्या टोपीत भरली. गरम होती. नुकत्याच बंद केलेल्या इंजिनवर हात ठेवावा तशी.

"मिस्टर टिडवेल?" वरून मिनेसोटाचा आवाज आला, घाबरलेला. "तुम्ही इथे कसे?"

"लाथ मारा, कोच," ऑरिन म्हणाला आणि रेषेपाशी गेला.

पांढरी रेषा. त्याने डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. तिकडून दोन राखणदार धावत येत होते. पुन्हा डावीकडे बघायला वेळ नव्हता, आणि ऑरिन टिडवेलने आयुष्यात पहिल्यांदा न बघता पाय टाकला.

तो पळाला. त्याच्या वयाला जेवढं पळवतं तेवढा पळाला, टोपी छातीशी धरून, फाटकी पँट फडफडत. गावाला वाटलं ऑरिन टिडवेलला वेड लागलं, आणि कोणी तरी टाळ्या वाजवल्या. गोलरेषेपाशी राखणदाराने त्याला मागून कव घालून आडवा केला. टोपी हातातून उडाली आणि माती रेषेवर, रेषेपलीकडे, ओंजळीने फेकावी तशी पसरली. राखणदार त्याच्या पाठीवर गुडघा रोवून म्हणाला, "ओळखलंत का, साहेब? तीनदा नापास केलं होतंत मला."

"तुझं चाक रेषेवर होतं," ऑरिन गवतात तोंड असतानाच म्हणाला.

त्याला ओढून कडेला नेलं आणि तिथेच धरून ठेवलं, म्हणून पुढचं त्याने जमिनीलगत नाक ठेवून पाहिलं. कोचने टोपी सरळ केली आणि लाथ मारणाऱ्याला आत पाठवलं. शहाणपणाचा निर्णय. ऑरिनने मान डोलावली. चेंडू मागे आला, आणि तो टेकवून धरायला बसलेल्या पोराच्या हातून निसटला. हे पोर वर्षभर बाकावरच बसलं होतं. चेंडू धरून ठेवण्यापलीकडे त्याला कोणी काही करू दिलं नव्हतं. त्याने चेंडू उचलला, समोर पाहिलं, आणि घुसलं. कॅल्डरच्या दोन धिप्पाड गड्यांनी त्याला कमरेशी पकडलं होतं, सगळ्या गावाने पाहिलं, आणि दोघांनी एकदम हात सोडले, चटका बसावा तसे. पोर रेषेवर पडलं. नेमकं त्या मातीवर. आणि पलीकडे गेलं.

मैदानाने ओरडायच्या आधी क्षणभर जी शांतता झाली, तीत ऑरिनला एक आवाज ऐकू आला. कोणी तरी टोपीवर दोन थापा मारल्याचा.

ऑरिनला मैदानात आजन्म बंदी झाली. तसं पत्र आलं, त्यावर कॉलेजचा शिक्का होता, आणि त्याला त्याचं फार लागलं. उभ्या आयुष्यात एक दंडाची पावती नाही, आणि म्हातारपणी हे! पाट्या मात्र एका रात्रीत गेल्या. मुलींच्या घुबडांसह एक शिल्लक राहिली, ती त्यांनी आपल्या खोलीत लावली. पेकनखाली वाद आजही चालू आहे: तो चेंडू खरोखर निसटला, की कोचने आधीच ठरवून फसवलं? कोच बिचारे सांगतात, मी लाथच मारायला सांगितली होती. हॉयट म्हणतो, एवढा मोठा माणूस आणि किती ही नम्रता. त्याची बोट अजून ताडपत्रीखाली आहे.

पुढच्या सप्टेंबरात ऑरिन ओसरीवर रेडिओ लावून बसला. शेजारी रिकामी खुर्ची. दूर मैदानावरून वाऱ्यावर ते 'हूऽऽ' आलं आणि विझलं. चौथी खेप, दोन यार्ड. रेडिओवाला म्हणाला, "कोच ऑस्टलुंड शांत उभे आहेत, आणि लाथ मारणारा आत येतोय."

बरोबर निर्णय. ऑरिन चाळीस वर्षं हेच म्हणत आला होता. तो वाट बघत राहिला. आता कोणी तरी ओरडायला हवं होतं. शेजारच्या खुर्चीतून काही आलं नाही, रेडिओतून आलं नाही, रस्त्यापलीकडूनही आलं नाही. डोयल गेला होता. खरंच गेला होता, सांगितलं होतं तिथे.

"घुसा की लेको!" ऑरिन ओरडला. त्याचा आवाज फाटला, आणि समोरच्या अंगणातल्या मुलींनी माना वळवून बघितलं.

जरा वेळाने स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारामागून लॅव्हॉनचा आवाज आला. तिने आयुष्यात फुटबॉलवर मत दिलं नव्हतं.

"दोन यार्डांसाठी?" ती म्हणाली. "वेडा आहेस का?"

ऑरिनने डोळे पुसायला हात वर नेला, तेव्हा त्याला कळलं की टोपी उलटी आहे. आपण ती कधी फिरवली ते त्याला आठवेना. त्याने ती तशीच राहू दिली आणि लॅव्हॉनशी भांडायला आत गेला.